पंखातला घास

हणमंत नेसरीकरांना विमानाचा कंटाळा आला होता, आणि ही गोष्ट बोलून दाखवावी असं माणूस त्यांना सापडत नव्हतं.

बायकोला सांगावं तर ती म्हणाली असती, मी हे एकोणीस वर्षांपूर्वीच म्हणाले होते. पुतण्याला सांगावं तर तो त्याच दुपारी टेम्पो घेऊन आला असता. धारवाडात, सप्तापूरच्या त्यांच्या गल्लीत, त्यांना सगळे 'विमानवाले अण्णा' म्हणत. पेपरात त्यांचा फोटो दोनदा छापून आला होता आणि दोन्ही वेळा मथळ्यात 'जिद्द' हा शब्द होता. जिद्द संपून सात वर्षं झाली होती. त्यानंतर जे चाललं होतं ते जिद्दीशिवायच चाललं होतं, पण तसा मथळा कोण छापणार?

रोज सकाळी नवाच्या चिगरीनं, म्हणजे धारवाड-हुबळीच्या जलद बसनं, ते हुबळीला जात. दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीतून, हातगाड्या आणि ज्वारीची पोती चुकवत, संदीपच्या म्हणजे पुतण्याच्या हार्डवेअरच्या दुकानामागच्या गोदामात शिरत, आणि संध्याकाळी सहाला परत फिरत. वय बहात्तर. गुडघे दोन्ही गेलेले, आणि उजवा खांदा असा की शर्ट घालताना मंगलाबाईंना बाही धरून उभं राहावं लागे. त्या बाही धरत, पण गप्प राहून धरत नसत.

विमान जातीनं पुष्पक. दोन माणसांचं, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याचं, पंखांच्या लाकडी फासळ्यांवर कापड ताणून बसवलेलं. ज्या फ्लाइंग क्लबात हणमंतरावांनी एकतीस वर्षं मेकॅनिकची नोकरी केली, तो बंद पडला आणि त्याचं सामान लिलावात निघालं. लिलावाला आलेल्या मंडळींपैकी कुणालाच उडायचं नव्हतं. कुणाला नळ्या हव्या होत्या, कुणाला पत्रा. हणमंतरावांनी सांगाडा घेतला तोही कुणी घेईना म्हणून, आणि रिकामा सांगाडा घरी आणल्यावर त्यांना वाटलं, बाकीचं काय, दोन-तीन वर्षांत गोळा होईल.

चाकं याच दुर्गदबैलात एका हातगाडीला सापडली. हातगाडीवाला म्हणाला, अण्णा, ह्यासारखी चाकं कुठल्या गाडीला नाहीत, कांद्याचं पोतं फुलासारखं जातं. आणि तो खोटं बोलत नव्हता. शेपटीचं सुकाणू कलघटगीत एका सोडावॉटरच्या दुकानाची पाटी झालं होतं. डाव्या पंखाच्या सांगाड्यावर कुणी दोडक्याचा वेल चढवला होता, आणि दोडक्यांचा हंगाम संपेपर्यंत मालकीणबाईंनी पंखाला हात लावू दिला नाही. एक सीट सप्तापुरातच, त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवर, केशकर्तनालयात होती. हणमंतराव तिच्यावर बसून सहा वर्षं दाढी करून घेत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. असं करत करत एकोणीस वर्षांत विमान एका छपराखाली आलं. उडायचं नव्हतंच ते. फक्त विमानासारखं उभं राहायचं होतं.

आता घोडं अडलं होतं ते छपराचं. संदीपला गोदामात टाइल्स ठेवायच्या होत्या. पुतण्या वाईट नव्हता. काकांना त्यानं अकरा वर्षं जागा दिली होती, आणि त्या अकरा वर्षांत टाइल्सच्या धंद्यात समोरचा दुकानदार दुमजली झाला होता. त्यानं शेवटी सांगितलं, "काका, पुढच्या महिन्यात माल येतोय. विमान जाऊ दे, नाहीतर भंगारवाला येऊ दे. मला दोन्ही चालतंय की."

विमान जायला एक जागा होती. धारवाडच्या वेशीवरचं एक इंजिनिअरिंग कॉलेज आपल्या नव्या हॉलमध्ये ते मांडायला तयार झालं होतं. अट एकच: बेंगळूरहून एक निवृत्त विमान-तपासनीस येतील, सगळं बघतील आणि फॉर्मवर दोनपैकी एका चौकोनात खूण करतील. 'संपूर्ण विमान' किंवा 'सुट्या भागांचा संग्रह'. पहिल्या चौकोनात खूण झाली तर कॉलेजची लॉरी येणार. दुसऱ्या चौकोनात झाली तर भंगारवाला, आणि त्याचा नंबर संदीपच्या फोनमध्ये आधीच होता.

हणमंतरावांना त्या पहिल्या चौकोनातली खूण हवी होती. अभिमान वगैरे काही नाही. विमान कुठंतरी अखंड उभं आहे एवढं कळलं की त्यांना सकाळी नऊ वाजता घरात बसून राहता आलं असतं.

शेवटचं मोठं काम पंखांच्या कापडाचं होतं. पंखाला कापडाची खोळ चढवायची, मग फासळी-फासळीला ती मेणाच्या दोऱ्यानं शिवायची, दर दोन इंचाला गाठ, आणि वरून डोप नावाच्या उग्र वासाच्या रोगणाचे हात द्यायचे की कापड ढोलकीसारखं ताठ होतं. एकट्यानं होणारं हे काम नव्हे. पंख त्याच्या लांब कडेवर उभा करायचा, एकानं या बाजूनं हातभर लांब सुई आत घालायची, दुसऱ्यानं त्या बाजूनं ओढून परत पाठवायची. दुर्गदबैलचे दोन शिंपी येऊन पंख बघून गेले. दोघंही म्हणाले, उद्या येतो.

मग मंगलाबाईंनी कमलाक्कांना बोलावलं. कमलाक्का अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या. भाताची थोडी शेती, बाकी मजुरी, आणि हंगाम नसला की वाकळा शिवणं. कन्नडात कौदी म्हणतात ती. मंगलाबाईंच्या घरातल्या सगळ्या वाकळा त्यांच्या हातच्या. साठीच्या असतील, दात चार गेलेले, पण दोरा तोडायचे दोन शाबूत.

त्यांनी पंखाभोवती एक चक्कर मारली, कापड चिमटीत धरून बघितलं, आणि विचारलं, "आत काय घालायचं?"

"काही नाही," हणमंतराव म्हणाले.

"जुनं लुगडं? धोतर?"

"काही नाही, कमलाक्का. आत नुसती हवा."

"मग पांघरणार कोण?"

हणमंतरावांनी विमान कसं उडतं हे समजावून सांगायला सुरुवात केली. कमलाक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुई ओवली.

तीन आठवडे दोघं शिवत होती. पंखाच्या या बाजूला हणमंतराव स्टुलावर, त्या बाजूला कमलाक्का पोत्यावर मांडी घालून. तोंडं दिसत नसत, फक्त आवाज आणि सुई ये-जा करत. कमलाक्का हत्तींनी भात कसा तुडवला ते सांगत, सुनेच्या तक्रारी सांगत, आणि मधेच म्हणत, "अण्णा, तुमची गाठ ढिली." आणि गाठ ढिलीच असे. एकतीस वर्षांच्या नोकरीत हणमंतरावांच्या कामात चूक काढायची कुणाची छाती झाली नव्हती. पण इथं ते मुकाट्यानं गाठ सोडत आणि पुन्हा मारत. वाद घालायला खांदा लागतो.

फक्त एका बाबतीत ते ऐकत नसत. पंख बंद करण्याआधी आत काही राहिलं नाही याची मोजणी. सुया तीन, पाती दोन, कात्री एक, सगळं मोजून, मगच टाका. क्लबात असताना चार इंची एक स्क्रूड्रायव्हर सापडेना म्हणून त्यांनी चार दिवस विमान जमिनीवर बसवून ठेवलं होतं. सेक्रेटरी ओरडले, मेंबर ओरडले. पाचव्या दिवशी स्क्रूड्रायव्हर सेक्रेटरींच्याच स्कूटरच्या डिकीत निघाला. विमानाच्या पोटात परकी वस्तू राहता कामा नये, हा त्यांचा एकमेव धर्म होता. देवाचं सगळं मंगलाबाई बघत.

आणि कमलाक्कांचाही एक धर्म होता. पहिल्या पंखाचं तोंड चार बोटं उरलं तेव्हा त्या थांबल्या आणि जेवणाचा डबा घेऊन आलेल्या मंगलाबाईंना म्हणाल्या, "अक्का, डब्यातली पोळी द्या बघू एक घास."

हणमंतरावांना वाटलं, भूक लागली असेल. पण तसं नव्हतं. कमलाक्कांच्या गावात वाकळ शिवून होत आली की शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत पोळीचा नाहीतर भाकरीचा घास ठेवतात. वाकळेला उपाशी ठेवत नाहीत. उपाशी वाकळ ऊब देत नाही, उलट पांघरणाऱ्याची झोप खाते.

हणमंतरावांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. उंदीर सांगितले, मुंग्या सांगितल्या, परकी वस्तू म्हणजे काय ते सांगितलं, स्क्रूड्रायव्हरची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कमलाक्का म्हणाल्या, "बरं."

त्यांच्या 'बरं'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो, हे हणमंतरावांना कळायला उशीर झाला. त्या दुपारी जेवण झाल्यावर ते रिकाम्या पोत्यांवर पाच मिनिटं आडवे झाले ते चारला उठले. पंख बंद झाला होता. सुया मोजल्या, तीन भरल्या. दुसऱ्या पंखाच्या वेळीही अशीच झोप लागली. दोन्ही दिवशी डब्यात पुरणपोळी होती, आणि दोन्ही दिवशी मंगलाबाईंनी त्यांना आग्रह करून दोन-दोन जास्त वाढल्या होत्या.

तपासनीस शनिवारी येणार होते. गुरुवारी सकाळी हणमंतरावांनी गोदाम उघडलं तर डाव्या पंखाच्या टोकाला भोक. छोटं नाही, भाकरीएवढं. कडा कुरतडलेल्या, खाली कापडाचा भुगा.

दुर्गदबैल ही धान्याची पेठ. इथल्या उंदरांना ज्वारी, गहू, हरभरा घरचाच आहे. पण पुरणपोळी त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. हणमंतरावांनी भोकातून हात घातला आणि पोळीचे चार कण बोटाला लागले. ते तिथंच स्टुलावर बसले. रागावावं असं त्यांच्या मनात आलं. पण रागवायचं म्हणजे उठावं लागणार, आवाज चढवावा लागणार, मग खोकला येणार. त्यांनी बायकोला फोन लावला.

मंगलाबाईंनी काही लपवलं नाही. पोळी मीच दिली, म्हणाल्या. ती बाई तीन आठवडे तुमच्यासाठी राबली, तिनं आयुष्यात एक वाकळ उपाशी शिवलेली नाही, आणि तुमच्यासाठी शिवायची? त्यांनी कमलाक्कांनाही गावाहून बोलावून घेतलं. कमलाक्का आल्या, भोक बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला नाही. उंदरानं खाल्लं म्हणजे घास चांगला होता, एवढंच म्हणाल्या. मग हणमंतरावांनी विचारलं, "उजव्यात पण आहे?"

"असणार की. एकाला घातला, एकाला नाही, असं करतात काय?"

उरलेल्या कापडाचं ठिगळ लावून डावा पंख त्यांनी दोघांनी त्याच दिवशी नीट केला. पण डोपच्या डब्याचा तळ त्यातच खरवडून संपला. नवा डबा लवकर येणारा नव्हता. ते रोगण पेटतं, म्हणून कुरिअरवाले घेत नाहीत, लॉरीनं यायला आठवडा जातो. म्हणजे उजवा पंख उघडून घास काढला असता तर तो बंद करून ताठ करायला काही उरलं नव्हतं, आणि फाटका पंख दाखवून 'संपूर्ण' म्हणवून घ्यायचं कसं?

संदीपनं उपाय लगेच सांगितला. साहेबांना माहीत नाही, तर आपण कशाला सांगायचं? मंगलाबाई म्हणाल्या, तुकडा तो केवढा. संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून हणमंतरावांनी ठरवलं की सांगायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही ठरवत होते, आणि ठरवायला इतकं सोपं गेलं की त्यांना नवल वाटलं. थकलेल्या माणसाला पापसुद्धा जड जात नाही, असा विचार त्यांच्या मनात आला आणि वाटेतलं नवलूर येईपर्यंत त्यांचा डोळा लागला.

शनिवारी दहाला गुरुप्रसाद साहेब आले. हणमंतरावांनी मनात कुणीतरी करारी, उंच माणूस उभा केला होता. आले ते काठी टेकत, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. गोदामाच्या उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी कन्नडात पहिला प्रश्न केला, खुर्ची आहे काय? मग दोघांनी आपापल्या गुडघ्यांची माहिती एकमेकांना दिली. साहेबांचा डावा जास्त, हणमंतरावांचा उजवा. तिथून पुढचं बोलणं कन्नडातच चाललं.

साहेबांनी अडीच तास घेतले. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक तार. चाकं मधल्या काळात हातगाडीला होती हे त्यांनी ओळखलं नाही; हणमंतरावांनी सांगितल्यावर त्यांनी वाकून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, हातगाडीच्या मालकानं क्लबापेक्षा बरी ठेवलीत. डाव्या पंखाच्या ठिगळावर बोट फिरवलं. उंदीर, हणमंतराव म्हणाले. साहेबांनी मान हलवली. उंदीर सगळ्याच हँगरमध्ये असतात. उजव्या पंखावर त्यांनी टिचकी मारली, कान लावला, आणि पुढं गेले. दाराशी मंगलाबाई आणि कमलाक्का उभ्या होत्या, संदीप काउंटर नोकरावर टाकून आला होता. टिचकी वाजली तेव्हा तिघांनीही वेगवेगळीकडे बघितलं.

शेवटी फॉर्म निघाला. साहेबांनी पेन पहिल्या चौकोनावर नेलं, पण खूण केली नाही. आधी मालकाची सही लागते, म्हणाले, आणि कागद हणमंतरावांच्या पुढं सरकवला. सहीच्या वर एक ओळ होती: 'रचनेच्या आत कोणतीही परकी वस्तू राहिलेली नाही, याची मी स्वतः खात्री केली आहे.'

एकतीस वर्षं ही ओळ त्यांनी रोज सही करून काळी केली होती. वाचायचीसुद्धा गरज नव्हती. त्यांनी 'ह' काढला. 'ण' काढला. आणि हात थांबला.

इतकं ठरवून ठेवलेलं, पण खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते, आणि ती अडीच तास उभं राहण्यात संपली होती.

"साहेब," ते म्हणाले, "उजव्या पंखात पोळी आहे."

संदीपनं कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्मा वर केला.

"कसली?"

"पुरणाची."

"किती?"

"एक घास."

"कुणी ठेवली?"

हणमंतराव दाराकडे बघत नव्हते. "माझ्या गोदामात ठेवली गेली. म्हणजे मीच ठेवली."

बाहेर हातगाडीवाला कुणालातरी 'सरी, सरी' म्हणून बाजूला करत होता. मग साहेब म्हणाले, "उघडा."

हणमंतरावांनी पातं घेतलं. कमलाक्कांच्या टाक्यांची ओळ कुठं संपते ते त्यांना माहीत होतं. तिच्या कडेनं त्यांनी वीतभर कापलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि घास बाहेर काढला. वॉशरसारखा कडक झाला होता. साहेबांनी तो हातात घेतला, वास घेतला, आणि बॅगेतून एक लिफाफा काढून त्यात टाकला. वर तारीख घातली. आजवर त्यांनी अशा लिफाफ्यांत नट, खिळे, एकदा एका पायलटची कवळी ठेवली होती.

"जेवणाऱ्याच्या तोंडातला घास काढला," कमलाक्का म्हणाल्या. त्या कुणाकडे बघून म्हणाल्या नाहीत. मराठीत म्हणाल्या, पण साहेबांना कळलं असावं, कारण त्यांनी लिफाफा पटकन बॅगेत टाकला.

मग त्यांनी पेन उचललं आणि पहिल्या चौकोनात खूण केली.

संदीपच्या तोंडून "आँ?" निघालं. पंख तर समोर फाटलेला दिसत होता. साहेबांनी त्याच्याकडे न बघता उरलेल्या कामाच्या रकान्यात लिहिलं, उजव्या पंखाची शिवण बंद करणे, रोगण आल्यावर हात देणे, आणि लिहिता लिहिताच म्हणाले, "नेसरीकर, मी चाळीस वर्षं विमानं तपासली. मला जे सापडलं ते लोकांनी कबूल केलं. जे मला सापडणारच नव्हतं ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. आता तुमच्या बाकीच्या बोल्टांवर मी परत का वाकू? माझे गुडघे बघितलेत ना?"

हणमंतरावांनी नावातली उरलेली अक्षरं पुरी केली. आता ती ओळ खरी होती. साहेबांना दुपारची बेंगळूरची गाडी होती. संदीपनं त्यांना स्टेशनावर नेऊन सोडलं आणि परत येताना पेढे घेऊन आला, कारण टाइल्सचा प्रश्न कुठल्याही बाजूनं का होईना सुटला होता.

तोपर्यंत गोदामात शिवण चालू होती. या वेळी कमलाक्का एकट्याच शिवत होत्या. हत्तींचं नाही, सुनेचं नाही, गाठ ढिली म्हणणंही नाही. हणमंतराव स्टुलावर बसून होते. झालं होतं सगळं. सोमवारी लॉरी येईल, मंगळवारी ते नऊ वाजता घरी असतील. या गोष्टीचा आनंद होईल म्हणून ते बसून वाट बघत होते, आणि आनंद काही येत नव्हता.

चार बोटं उरली तेव्हा कमलाक्का थांबल्या. सुई कापडात टोचून ठेवली आणि हात मांडीवर घेतले. त्यांनी काही मागितलं नाही. मंगलाबाईंनीही डब्याकडे हात नेला नाही. दोघीही जणू कुणीतरी मोठं माणूस येऊन पुढचं सांगेल म्हणून थांबल्या होत्या.

सही करून दोन तासही झाले नव्हते. हणमंतरावांनी बाहेर बघितलं, मग आढ्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"डब्यात काय आहे?"

"भाकरी."

"एक घास काढ. साधी. तूप नको." आणि संदीपला म्हणाले, "तुझा खिळ्यांचा काटा आण."

शेजारच्या धान्याच्या दुकानातून मंगलाबाईंनी मूठभर कडुलिंबाचा पाला आणला, ज्वारीच्या कणगीत घालतात तसा. कमलाक्का म्हणाल्या, पाल्यानं घास कडू होईल. हणमंतराव म्हणाले, उंदराला कडू लागावा म्हणूनच. कमलाक्का म्हणाल्या, उंदराचं नाही म्हणत मी, पंखाचं म्हणते. शेवटी दोनच पानं ठरली. संदीपनं काट्यावर ठेवलं: पानांसकट अकरा ग्रॅम. ते त्यानं मोठ्यानं वाचलं, इतक्या गंभीर चेहऱ्यानं की आयुष्यात एवढा हलका माल त्यानं तोलला नसावा.

मग हणमंतरावांनी साहेबांना फोन लावला. गाडी सुटून थोडा वेळ झाला होता. आवाज तुटत होता.

"साहेब, नेसरीकर. उजव्या पंखात एक वस्तू ठेवतोय. ज्वारीची भाकरी, एक घास, कडुलिंबाची दोन पानं. एकूण अकरा ग्रॅम. टोकाच्या खणात, कडेपासून वीतभर आत. तोंड अजून बंद नाही. तुम्ही नाही म्हणाल तर काढतो."

पलीकडे नुसता गाडीचा आवाज. हणमंतरावांना वाटलं, फोन तुटला. मग ऐकू आलं, "थांबा. लिहून घेतो. अकरा म्हणालात?"

"अकरा."

"तुमच्या लॉगबुकात पण लिहा. तारीख, वजन, जागा. सकाळची वस्तू कागदावर नव्हती, म्हणून ती परकी. ही लिहिली म्हणजे विमानाचा भाग झाला." मग विचारलं, "आणि डाव्यात?"

"डाव्यात काही नाही. तो घास उंदरानं खाल्ला."

"बरं. अकरा ग्रॅमनं काही फरक पडत नाही, नेसरीकर. आणि हे उडणार कुठं आहे? घरी जा. झोपा."

"हो साहेब."

फोन खाली ठेवून त्यांनी लॉगबुक ओढलं आणि सगळं ओळीनं लिहिलं. तोपर्यंत कमलाक्कांनी घास आत ठेवून तोंड बंद केलं होतं. शेवटची गाठ मारून त्यांनी दातानं दोरा तोडला आणि सुया हणमंतरावांच्या पुढं धरल्या. तीन होत्या.

त्या उठल्या नाहीत. त्यांची नजर गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, ठिगळ लावलेल्या डाव्या पंखावर होती.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "एक जेवला, एक उपाशी. दोघं एकाच विमानाचे."

साहेब म्हणाले होते, काही फरक पडत नाही. हिशेबानं ते बरोबरच होतं. हणमंतरावांनीही तो मनात करून बघितला होता, टोकापर्यंतचं अंतर धरून, आणि उत्तर शून्याच्या इतकं जवळ होतं की कुठल्याही तपासनीसानं ते शून्यच लिहिलं असतं. पण एका बाजूला अकरा ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, हे त्यांना कळलं होतं, आणि कळल्यानंतर ते विमान कॉलेजच्या हॉलमध्ये दिव्यांखाली उभं राहील तेव्हा त्यांना ते डावीकडे किंचित वर आणि उजवीकडे किंचित खाली दिसणार होतं. रोज दिसणार होतं, घरी बसून.

मंगलाबाईंनी डबा मिटायला घेतला होता. तो त्यांनी परत उघडला.

संदीप म्हणाला, "काका, आता साकु की हो, पुरे झालं. खूण झाली."

"साकुच आहे रे," हणमंतराव म्हणाले. एक हात गुडघ्यावर आणि एक स्टुलावर टेकून ते उठले, मधे थांबले, श्वास घेतला आणि पुरते उठले. परवाच लावलेलं ठिगळ काढायला तसा फार वेळ लागणार नव्हता. "कमलाक्का, सुई ओवा. मी या बाजूला बसतो."